दिवाणखाना, कोठार आणि खोली

मागील पावसाळ्यात एका लहान गावच्या मंडळीत आम्ही डोंगरावरील प्रवचनातील प्रार्थनेविषयीचा भाग शिकवीत होतो. प्रार्थना करणाऱ्याने आपल्या खोलीत जावे व दार लावून घ्यावे, ह्या वचनाशी आम्ही पोहोचलो, तोच मागे भिंतीशी बसलेले एक वृद्ध गृहस्थ हात वर करून म्हणाले, “पाळकसाहेब, आमच्या घराला खोली एकच. तिच्यात आमी सात मानसं अन् दोन शेरडं. आता दार लावून परार्थना कुठं करावी?”

मंडळी हसली, बाबा हसले नाहीत. आम्ही ‘मनाची खोली’ असे काहीसे बोलून वेळ मारून नेली. बाबांनी मान हलविली, पण ती आमच्या पदाचा मान राखण्यासाठी. समाधान झाले म्हणून नव्हे. घरी येऊन आम्ही कोश काढून बसलो, आणि खोल्यांच्या नावांचा जो इतिहास हाती आला तो वाचकांपुढे ठेवण्याजोगा वाटला. मूळ ग्रीक शब्दाकडे वळण्यापूर्वी आपल्याच भाषेतील एका थोर खोलीचे नाव तपासू, म्हणजे शब्द कसे बिऱ्हाड बदलतात हे ध्यानी येईल.

‘दिवाणखाना’ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाड्याचा पहिला मजला, लोड-तक्के, हंड्या-झुंबरे व भिंतीवरील तसबिरी उभ्या राहतात. ह्यांतील ‘खाना’ म्हणजे फारशीत घर अथवा जागा; दवाखाना, छापखाना, तोफखाना, बंदीखाना हे सर्व त्याच कुळातले. ‘दिवाण’ मात्र आरंभी खोली नव्हे, आसन नव्हे, मनुष्यही नव्हे. दिवाण म्हणजे लिहिलेल्या कागदांचा संग्रह, नोंदवही. विद्वान लोक ह्या शब्दाचा संबंध प्राचीन फारशीतील ‘दिपि’, म्हणजे लेख, ह्याच्याशी जोडतात, आणि तेथून मागे जात जात सुमेर देशातील मातीच्या पाटीच्या नावापर्यंत पोहोचतात. शाहबाजगढी येथील अशोकाच्या शिलालेखात आपल्या ‘लिपि’च्या जागी ‘दिपि’ हाच शब्द कोरलेला आहे. महाराष्ट्रातील डबीर हे आडनावही ह्याच घराण्यातले मानतात. डबीर म्हणजे लेखनिक. 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची फारशी नावे बदलून संस्कृत नावे योजिली, तेव्हा डबिराचा सुमंत झाला.

लोकांनी ह्या शब्दाची एक गमतीची व्युत्पत्तीही रचिली आहे. इराणच्या बादशहाने आपले कारकून हिशेब करिताना स्वतःशीच पुटपुटत असलेले पाहिले, आणि हे ‘दिवाने’ आहेत असे तो म्हणाला. त्यावरून त्यांच्या बसण्याच्या जागेस दिवाण नाव पडले, अशी कथा इब्न खल्दून ह्याने चौदाव्या शतकात नोंदविली आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही; पण ज्याने मार्चअखेरीस कोणत्याही कचेरीचे दार पाहिले आहे, त्यास ती अगदीच टाकाऊ वाटणार नाही.

सातव्या शतकात खलिफा उमर ह्याने योद्ध्यांची नावे व त्यांचे वेतन नोंदविण्यासाठी जी वही घातली तिचे नाव दिवाण. पुढे वही ठेवण्याची कचेरी ती दिवाण. कचेरीचा मुख्य तोही दिवाण. त्या कचेरीत भरणारी सभा आणि सभेची दालनेही दिवाण. कवीच्या कवितांची वही ती त्याचा दिवाण, म्हणूनच हाफिजाचा दिवाण असे म्हणतात. हाच शब्द भूमध्य समुद्र ओलांडून गेला तेव्हा बंदरावरील जकातीच्या वहीस चिकटला, आणि इटालियन लोक जकातनाक्यास ‘दोगाना’ व फ्रेंच लोक ‘दुआन’ म्हणू लागले. दरबाराच्या दालनात भिंतींना लागून गाद्या-तक्क्यांच्या बैठका असत; त्या पाहून युरोपियनांनी बैठकीलाच ‘दिवान’ हे नाव दिले. लंडनमध्ये 1828 साली धूम्रपानाची एक मोठी खोली ह्याच नावाने उघडली होती. वहीपासून विड्यांच्या धुरापर्यंत हा प्रवास!

दिल्लीच्या लाल किल्ल्यात, जो शाहजहानाने 1639 ते 1648 ह्या काळात बांधविला, दोन दालने आहेत: दिवाण-इ-आम व दिवाण-इ-खास. पहिल्यात सर्वसाधारण लोकांच्या अर्ज्या ऐकल्या जात. दुसऱ्यात निवडक सरदार व वकील यांस प्रवेश. भव्य खोली आणि खासगी खोली अशा दोहोंस एकच शब्द पुरला, फरक केवळ पुढच्या अक्षरांचा. खासगी दालनाचे ऐश्वर्य मात्र फार दिवस टिकले नाही. मयूरासन 1739 साली नादिरशहाने नेले; 1760 साली सदाशिवराव भाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी रुप्याचे छत उतरविले व ते टांकसाळीत घातले; आणि 1858 साली त्याच दिवाण-इ-खासमध्ये इंग्रजांनी वृद्ध बहादुरशहावर खटला चालविला. ज्या खोलीत त्याच्या पूर्वजांपुढे लोक हात जोडून उभे राहत, तेथेच तो आरोपी म्हणून आला.

दरम्यान 1765 साली शाह आलम बादशहाने बंगाल, बिहार व ओरिसा ह्या प्रांतांची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीस दिली, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क दिला. महसुलाबरोबर जमीन-मालमत्तेचे तंटेही त्या कचेरीकडे जात. म्हणूनच आज आपण शेताच्या बांधावरून भांडलो तर दावा ‘दिवाणी’ न्यायालयात जातो. आमच्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबे ह्या शब्दाची ओळख वाड्यातून नव्हे, तर वकिलाच्या पायरीवरून करून घेतात, ही खेदाची गोष्ट आहे.

‘महाल’ ह्या शब्दाचीही तीच कथा. अरबीत तो उतरण्याची जागा. आपल्याकडे राजवाडाही झाला आणि तालुक्याहून लहान असा मुलखाचा विभागही, ज्यावर महालकरी नेमला जाई.

आता महाराष्ट्रातील दिवाणखान्याविषयी थोडे. पेशवाईतील सरदार, सावकार व मोठे कारभारी ह्यांच्या वाड्यांत तो असे. तेथे कोणी बसावे, कोणी गादीवर, कोणी सतरंजीवर, कोणी जोड्यांजवळ उभे राहावे, हे सर्व ठरलेले. बहुतेक बलुतेदार चौकापर्यंत. आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे चौकापर्यंतही नाहीत; त्यांनी दिंडीदरवाज्याबाहेरून जोहार घालावा व सांगितलेले काम ऐकून परतावे. दिवाणखाना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते, पण खालून दिसणाऱ्या खिडक्यांवरून. काळ पालटला. पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा भरू लागली, तरी त्या शाळेचे दारही सर्वांस उघडे नव्हते. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले. दारे मात्र कायद्याच्या मागून, सावकाश उघडतात. आणि ह्या बाबतीत आपण ख्रिस्ती लोकांनी फुशारकी मारू नये. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्यास चांगली जागा व दरिद्र्यास पायांजवळची जागा देणाऱ्या मंडळीस जे खडसावले आहे, ते वाचून मग आपल्या वार्षिक सभेतील पहिल्या रांगेच्या खुर्च्यांकडे पाहावे.

एवढे मोठेपण भोगून हा शब्द आज कोठे आला आहे? शहरातील घरांत बैठकीच्या खोलीस ‘हॉल’ म्हणतात. दिवाणखाना पुस्तकांत व नाटकांच्या रंगसूचनांत उरला. आणि ‘दिवाण’ म्हणजे लाकडी पलंग, ज्याची फळी उचलली की आत गोधड्या व जुन्या वह्या ठेवता येतात. वह्या पुन्हा दिवाणात गेल्या म्हणावयाचे!

आता बाबांच्या प्रश्नाकडे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आपण ‘खोली’ वाचितो तेथे मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ असा आहे. ह्या शब्दाची चाल दिवाणाच्या अगदी उलट. ‘तामिआस’ म्हणजे वाटून देणारा कोठावळा; कापणे ह्या अर्थाच्या धातूपासून तो आला, कारण प्रत्येकाचा वाटा कापून देणे हे त्याचे काम. अथेन्स नगरात खजिनदारांस हेच नाव होते. त्या कोठावळ्याची जागा ती तामेइऑन, अर्थात धान्य, तेल, पैसा ठेवण्याचे कोठार. आजही ग्रीस देशात दुकानातील पैसे भरण्याच्या जागेस ह्याच शब्दाचे रूप लावितात. कोठार घराच्या आतल्या बाजूस व बंद, म्हणून पुढे कोणत्याही आतल्या एकांताच्या खोलीस ते नाव मिळाले. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात योसेफ आपल्या भावास पाहून गहिवरतो व रडण्यासाठी आत जातो, तेथे हाच शब्द आहे. यशयाच्या सव्विसाव्या अध्यायात लोकांस आत जाऊन दारे लावून घेण्यास सांगितले आहे, तेथेही हाच. पण जुना अर्थ मेला नव्हता. लूकाच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांपाशी धान्य साठविण्याची जागा नाही असे म्हटले आहे, तेथेही तामेइऑनच आहे.

इंग्रज भाषांतरकारांनी 1611 साली मत्तयाच्या ह्या वचनात ‘क्लॉझेट’ शब्द घातला. त्या काळी राजे व सरदार ह्यांच्या खासगी अभ्यासाच्या अथवा उपासनेच्या खोलीस तो लावीत. पुढे त्याचा अर्थ इतका आखडला की आज अमेरिकेत त्याने कपड्यांचे कपाट समजतात. त्या जुन्या ‘क्लॉझेट’वरून काढलेली प्रवचने वाचून आम्हांस सेमिनरीत असताना वाटे की प्रभूने गालिच्याची, मेज-खुर्चीची निराळी खोली सांगितली आहे. ऐकणारे कोण होते ह्याचा आम्ही विचार केला नव्हता. ते गालीलातील कोळी व शेतकरी. त्यांची घरे कशी होती ते शुभवर्तमानच सांगते: एक दिवा दिवठणीवर ठेविला की घरातील सर्वांस उजेड पडे, मध्यरात्री मित्र दार ठोठावू लागला की धनी म्हणे, मुले माझ्याजवळ निजली आहेत, आता उठवत नाही. ही एका खोलीची घरे. अशा घरात निराळे दार असलेली जागा असलीच तर ती दाण्यांची, असे पुष्कळ भाष्यकार सांगतात. तेव्हा प्रभूने श्रीमंताचे दालन सांगितले नाही; घरात आधीच असलेली, अंधारी, मडक्या-पोत्यांची जागा सांगितली.

आपला ‘खोली’ हा शब्द भाषांतरकारांनी घातला तो आम्हांस आता अधिक आवडू लागला आहे. विहिरीची ती खोली, आणि घराची तीही खोली. मुंबईस चाळींत राहावयास गेलेल्या आपल्या लोकांनी तर सबंध संसारालाच हे नाव दिले. ‘खोली मिळाली’ म्हणजे घर मिळाले.

दोन महिन्यांनी आम्ही त्या गावी पुन्हा गेलो व हे सर्व बाबांच्या घरी बसून त्यांस सांगितले. दिवाणाची कथा त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. कोठाराचे सांगताच ते म्हणाले, “कणगीमागं व्हय? तिथं तर आमची म्हातारी रोज पहाटं बसतीया. मला वाटलं, थंडी वाजती म्हनून.” आजीबाई चुलीपाशी होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. कणगी आणि भिंत ह्यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा आम्ही पाहिली. तिला दार नाही, पोत्याचा एक पडदा आहे.