घरातल्या गुबगुबीत पगविषयी

पालकहो, कुत्रं गुबगुबीत झालं की घरादाराला गोड वाटतं. पाहुणे कौतुक करतात, मुलं त्याच्या पोटावर डोकं टेकून टीव्ही बघतात. पण आठ किलोच्या पगचं वजन दहा किलो होतं, तेव्हा मूळ वजनाच्या पाव पट ओझं तो अंगावर वागवत असतो. पगचं नाक आधीच चपटं, श्वासाची वाट अरुंद. त्यात चरबीची भर पडली की जिना चढताना धाप लागते आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात जिवावर बेतू शकतं.

आज मुलांना जवळ घेऊन एवढं करून बघा. आपल्या एका हाताचा पंजा पालथा धरा आणि त्यावरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. तिथली हाडं जशी सहज लागतात, तशाच कुत्र्याच्या बरगड्या लागायला हव्यात. त्या चाचपून शोधाव्या लागल्या, तर वजन वाढलं आहे.

घरचे उपाय सुरू करण्याआधी पशुवैद्यांकडे जा. थायरॉइड मंदावल्यानं किंवा कुशिंग नावाच्या आजारानंही कुत्रं जाड होतं. मग नुसतं खाणं कमी करून भागत नाही. उपास तर अजिबात नको, अगदी लहान चणीच्या कुत्र्यांची साखर चटकन उतरते. नेहमीचंच खाणं निम्मं केलं तर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात, म्हणून वजन उतरवण्यासाठीचं वेगळं खाणं डॉक्टरांना विचारून आणावं. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के घट पुरे, म्हणजे या पगला शंभर ते दोनशे ग्रॅम. दोन किलो उतरायला तीन ते पाच महिने लागतात. लागू द्यावेत.

खरी अडचण वेगळीच आहे. अशा पगला वजन उतरवताना दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी मिळाव्यात आणि वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसावा. ग्लुकोजचं एक बिस्कीट साधारण पंचवीस कॅलरींचं, म्हणजे तेवढ्यातच दिवसाचा खाऊ संपला! आजोबा सकाळच्या चहाबरोबर दोन देतात, आई पोळीचा तुकडा टाकते, धाकटा डब्यात उरलेला पराठा भरवतो. प्रत्येकाला वाटतं, आपण एवढंसंच तर दिलं.

म्हणून घरातल्या सगळ्यांची मोट बांधा. सकाळी काट्यावर दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढा. वाटीचा अंदाज चुकतो, ग्रॅमचा काटाच हवा. मोजायचं काम मुलाकडे सोपवा. मग ज्याला भरवावंसं वाटेल त्यानं त्या डब्यातलेच चार दाणे हातानं द्यावेत. चहाच्या वेळी आजोबांनीही. डबा रिकामा झाला की दिवस संपला. वर काकडीच्या दोन चकत्या चालतील. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट मात्र कधीच नाही.

भरवणाऱ्या मुलाला रागावू नका. त्याला कुत्र्यावर प्रेम दाखवायची ती एकच रीत ठाऊक असते. संध्याकाळी अंगावरून ब्रश फिरवणं, चेंडू लपवून शोधायला लावणं, पहाटेच्या गारव्यात पट्ट्याऐवजी हार्नेस घालून हळूहळू फिरवणं, अशा आणखी रीती त्याच्या हाती द्या. धाप लागली की थांबायचं, हेही शिकवा. आणि कुत्र्याला ‘जाड्या’, ‘ढब्बू’ म्हणून हसू नका. घरातलं एखादं जरा अंगानं भरलेलं मूल ते ऐकत असतं, आणि स्वतःला लावून घेतं. वजनाविषयी घरात कसं बोलतात, हे ते इथेच शिकतंय.

दर पंधरवड्याला दवाखान्यातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. काटा महिनाभर हलला नाही, तर खाणं घरीच कमी न करता डॉक्टरांना वही दाखवा. आजोबांनी तरीही एखादं बिस्कीट दिलंच, तर वाद घालू नका. त्या दिवशी डब्यातले तेवढे दाणे काढून ठेवा.