भोजनदानाचा मांडव आणि अन्न सुरक्षा

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून भोजनदानाची वर्गणी सुरू होते. दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर मांडव पडतात. मसालेभात, पुरीभाजी, बुंदी, ताक यांचे वाटप चालते. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला ते ताट फार मोलाचे असते. म्हणूनच या वेळी आम्ही एक थोडा नकोसा प्रश्न विचारत आहोत. आपल्या मांडवाची नोंदणी झाली आहे का?

कार्यकर्ते म्हणतात, "आम्ही विकत नाही, दान देतो. मग नोंदणी कशाची?" कायदा तसे मानत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आला. त्याखालील 2011 च्या विनियमांत फेरीवाला व हंगामी स्टॉलवाला यांच्याबरोबरच धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यालाही लहान अन्न व्यावसायिक धरले आहे. त्याला नोंदणी हवी. स्वयंपाक केटररकडे दिला असेल, तर त्याचा 14 अंकी परवाना क्रमांक मागून घ्या.

हे नुसते कागदाचे काम नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या दोनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून बाहेर दोरीला सलाईनच्या बाटल्या बांधून उपचार करावे लागले. तेथेही कुणाच्या मनात वाईट नव्हते.

भाताचे उदाहरण घेऊ. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात उकळला तरी ते टिकून राहतात. पहाटे शिजवलेला भात मोठ्या गंजात झाकून ठेवला, की वरचा थर निवतो आणि मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. जिवाणूला नेमके हेच हवे असते. तो वाढतो, विष तयार करतो आणि ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भाताला वास येत नाही, चवही बदलत नाही. आम्ही स्वतः एका मांडवात वाढायला उभे होतो. पहाटेचा भात दुपार टळल्यावरही वाढत होतो, आणि किती तास झाले हे आमच्यापैकी एकानेही मोजले नव्हते. अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवता येत नसेल, तर एकदम सगळे न शिजवता थोडे थोडे शिजवावे आणि दोन तासांत संपवावे. हाताला पिकलेली जखम असलेल्याने वाढायला बसू नये. त्याला पाण्याच्या किंवा चपला सांभाळण्याच्या कामाला लावा.

आता तपासणीविषयी. अन्न सुरक्षा अधिकारी आला की आपली तर्री-पोह्यांची, भज्यांची गाडी लावणारी मंडळी घाबरतात. ही भीती उगीच नाही. गरिबाच्या गाडीवर जो धाक चालतो, तो मोठ्या दुकानात तितका चालत नाही, असे आम्हाला वाटते. पण कायदा माहीत असला की भीती कमी होते. अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याने त्याची किंमत द्यायची असते. नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा, आपण मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याविरुद्ध अपीलही करता येते. त्रुटी सुधारता येण्याजोग्या असतील तर आधी सुधारणा नोटीस मिळते. छापील वर्तमानपत्रात पोहे-भजी देणे मात्र आजच बंद करा, शाईतली द्रव्ये गरम तेलात उतरतात.

ग्राहकालाही कलम 40 नुसार शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ तपासून घेता येतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

एक गोष्ट बोलून टाकतो. 'स्वच्छता' हा शब्द आपल्या माणसांना वेगळ्या कपबशीत चहा देण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्यामुळे कुणी हात धुवा म्हटले तरी काहींना टोचते. पण जिवाणू जात पाहत नाही. येथे प्रश्न साबणाचा, पाण्याचा आणि घड्याळाचा आहे.

मांडवात वाटप सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून थंड जागी ठेवा, डब्यावर तारीख-वेळ लिहा. कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर वाटप तिथेच थांबवा. रुग्णाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहा. लहान मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध असेल तर वाट न पाहता दवाखान्यात न्या, आणि तो डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.