गळकाठीवर रिळाची बैठक बसविताना

मांडवी, झुआरी व शापोरा या नद्यांच्या मुखांशी गरीने मासे धरण्याची पद्धत गोमंतकात जुनी आहे. पूर्वी हातात नुसता दोर किंवा बांबूची काठी असे. आता काचतंतूच्या व कार्बनतंतूच्या काठ्या रिळासह वापरल्या जातात. मोडलेल्या काठीवर नवे सामान चढविणारे, किंवा कोरी काठी आणून स्वतःच बांधणी करणारे हौशी कारागीरही आढळतात. या बांधणीत पुष्कळांचे काम एका जागी अडते. रीळ ज्या नळीवर आवळून बसवितात ती बैठक, म्हणजे रील सीट, काठीवर पूर्ण चढत नाही.

याचे कारण साधे आहे. काठी बुडाशी जाड व शेंड्याकडे निमुळती असते. बैठकीचे छिद्र मात्र आरपार एकाच व्यासाचे. बैठकीवरील १६, १८, २० असा आकडा साधारणतः या छिद्राचा मिलिमीटरमधील व्यास सांगतो. काठीची जाडी त्या आकड्यांशी जुळेलच असे नाही. शेंड्याकडून घातलेली बैठक ठरल्या जागेच्या चार बोटे अलीकडेच घट्ट होते.

अशा वेळी काठीच घासून बारीक करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. काठीचे बळ तिच्या तंतूंत असते आणि ती वाकते तेव्हा सर्वांत अधिक ताण बाहेरच्या थरावर येतो. तोच थर घासला तर तंतू तुटतात. वरून काही दिसत नाही. पण चणक किंवा तांबसो यांसारखा जोरकस मासा लागला की काठी तेथेच दुभंगण्याचा संभव असतो. घासावयाची ती बैठक. ती बिघडली तर दुसरी मिळते.

बैठकीलाही मर्यादा आहे. आट्यांच्या खाली तिची भिंत पातळ असते. व्यासात अर्धा ते एक मिलिमीटर वाढ पुरणार असेल तरच हे काम हाती घ्यावे. त्याहून अधिक लागत असल्यास पुढील आकड्याची बैठक आणणे शहाणपणाचे. म्हणून प्रथम व्हर्निअर कॅलिपरने काठीची जाडी, बैठकीची दोन्ही टोके जेथे येणार तेथे मोजून लिहून ठेवावी.

छिद्र वाढविण्यासाठी ड्रिलचे पाते वापरू नये. ते प्लॅस्टिकमध्ये अडकते, तापते आणि नळी तडकते. छिद्राहून थोडी बारीक, बैठकीपेक्षा लांब अशी गोल लाकडी दांडी घ्यावी. तिच्या टोकाला करवतीने उभी चीर पाडून ८० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी तीत अडकवावी व दांडीभोवती गुंडाळावी. बैठक हातातच धरावी. शेगड्यात आवळल्यास ती चेपते. दांडी फिरवीत आतबाहेर करावी आणि दर थोड्या वेळाने बैठक उलटी धरावी, नाहीतर एकच तोंड फुगते. काठी निमुळती असल्याने शेवटचा हात मात्र बुडाकडील बाजूवर अधिक फिरवावा व त्या बाजूस खूण करून ठेवावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पाच मिनिटांचे नव्हे. बैठकीच्या प्लॅस्टिकमध्ये बहुधा तंतू मिसळलेले असतात. त्यांची धूळ फुप्फुसास व त्वचेस अपायकारक असल्याने नाकातोंडावर फडके बांधावे आणि पेपर ओला करून घासावे.

दहा-बारा फेऱ्या झाल्या की बैठक काठीवर घालून पाहावी. ती जोर न लावता जागेवर पोचली आणि किंचित हलली म्हणजे पुरे. गोंदाला तेवढी फट हवीच. अगदी घट्ट बसविल्यास सरकविताना सर्व गोंद खरवडून बाहेर येतो व आतील भाग कोरडा राहतो. अशी बैठक काही दिवसांनी रिळासकट फिरू लागते. चुकून फट मोठी झाल्यास काठीवर कागदी चिकटपट्टीची दोन-तीन अरुंद कडी गुंडाळावीत व मधल्या जागा गोंदाने भराव्या.

दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून सावकाश सुकणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद काठीस लावावा आणि बैठक फिरवीत खाली आणावी. आट्यांवर आलेला गोंद तत्काळ पुसावा. रीळ तात्पुरते अडकवून ते काठीच्या कड्यांशी सरळ रेषेत आहे याची खात्री करून घ्यावी, रीळ काढावे आणि काठी पूर्ण एक दिवस न हलविता ठेवावी.