समोरून निसटलेला चोर

चित्रकथांतील अचाट वीर मुलांना एवढे का आवडतात? ते भिंती चढतात, आकाशात उडतात म्हणून, असे आपण चटकन म्हणतो. परंतु नुसत्या बळाचे कौतुक फार दिवस टिकत नाही. उदाहरणादाखल एकच कथा घेऊ.

१९६२ साली अमेरिकेत स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांची ‘स्पायडरमॅन’ची पहिली कथा प्रसिद्ध झाली. ती अवघी ११ पानांची आहे. पीटर पार्कर हा पोरका शाळकरी मुलगा. काका-काकूंनी वाढवलेला, सोबत्यांच्या चेष्टेचा विषय. किरणोत्सर्गी कोळी चावल्याने त्याच्या अंगी विलक्षण बळ येते. त्या बळावर तो पैसा व नाव मिळवू लागतो. एकदा त्याच्यासमोरून एक चोर पळतो. मागचा पोलीस मदतीसाठी ओरडतो. पण आपल्याला काय त्याचे, म्हणून पीटर स्वस्थ उभा राहतो. पुढे त्याच्या काकांचा खून होतो. खुन्याला पकडून तो चेहरा पाहतो, तर तोच चोर!

वाचक गुंततो तो येथे. भिंत चढणे आपल्याला साधत नाही. परंतु हातून होण्यासारखे असून न केल्याचा सल कोणाला ठाऊक नाही? पीटरला बळ कोळ्याने दिले, पण वीर केले ते या सलाने. शिवाय काका परत येत नाहीत, म्हणून कथा खरी वाटते.

शब्बाथ शाळेत ही कथा सांगताना चोर पळतो तेथे आम्ही थांबतो व विचारतो, “पीटरने त्याला का अडवले नाही?” उत्तरे देता देता मुले स्वतःविषयीच बोलू लागतात, आणि आम्हालाही आमच्या समोरून निसटलेले चोर आठवतात.