वेचणीच्या हाताचे स्नायुसंकेत: खरखर कशी टाळावी

सोयगाव तालुक्यात दसऱ्याच्या सुमारास कपाशीची वेचणी सुरू होते. बोंडातून कापूस ओढताना बोटे वाकवणारे स्नायू किती राबतात, हे त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मोजता येते. मात्र हा संकेत मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. आसपासच्या २३० व्होल्टच्या विजेच्या खरखरीत तो सहज बुडतो.

साहित्य: तीन चिकट सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड, स्नायुसंकेत नोंदवणारे, बॅटरीवर चालणारे ईएमजी यंत्र, लॅपटॉप, स्पिरिट, कापूस, रेझर, चिकटपट्टी.

कृती

१. वीजपंप, रोहित्र आणि विजेच्या तारांपासून दूर, सावलीत बसा. घाम आला तर दोन इलेक्ट्रोडमधली त्वचा ओली होऊन संकेत क्षीण होतो.

२. लॅपटॉपचा चार्जर काढा. माणसाला इलेक्ट्रोड लावलेले असताना यंत्रणा भिंतीतल्या विजेला कधीही जोडू नका. यात सुरक्षाही आहे आणि खरखरही घटते.

३. कोपराखाली, तळहाताच्या बाजूला, मूठ आवळल्यावर फुगणारा भाग शोधा. तिथले केस काढा, स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच चोळा आणि त्वचा पूर्ण वाळू द्या.

४. दोन इलेक्ट्रोड स्नायूच्या लांबीच्या दिशेने, केंद्रापासून केंद्रापर्यंत २ सेंटिमीटर अंतरावर लावा. तिसरा कोपराच्या हाडावर लावा.

५. वायरी आखूड ठेवा, एकमेकींना पीळ द्या आणि चिकटपट्टीने हाताला बांधा.

६. हात सैल सोडून पडद्यावरची रेघ पाहा. सेकंदाला ५० वेळा सारखी डोलणारी लाट दिसली, तर ती विजेची. तिसरा इलेक्ट्रोड नीट दाबा, मग जवळची उपकरणे एकेक बंद करून पाहा. वायर हलताच रेघ सावकाश वरखाली झाली, तर बांधणी सैल आहे.

७. मूठ आवळा. रेघ जाड व्हावी, सोडताच पुन्हा शांत व्हावी. मगच वेचणीची नोंद घ्या.

८. नोंद घेताना सेकंदाला किमान १००० नमुने घ्या आणि २० ते ४५० हर्ट्झचा पट्टा ठेवा.

विशेष सूचना: ५० हर्ट्झ गाळणारा फिल्टर आधीच लावू नका. स्नायूची बरीच ऊर्जा ५० ते १५० हर्ट्झमध्येच असते, त्यामुळे विजेबरोबर खरा संकेतही गाळला जातो. त्वचा आणि वायरींवर दिलेली दहा मिनिटे कोणत्याही फिल्टरपेक्षा जास्त कामाची आहेत.