दगडात लपलेलं पाणी : थरांचं खनिज तापवलं की काय होतं?



"दगडात पाणी असतं का?" असं विचारलं की मुलं हसतात. पण काही खनिजांत पाणी खरंच असतं, आणि ते ओलाव्यासारखं नव्हे तर रचनेचाच भाग म्हणून. आज हेच बघू.

१) आपल्या भागातून सुरुवात
भरे गावाच्या आजूबाजूला, मुळशीच्या डोंगरांत सगळीकडे काळा बेसाल्ट. हाच बेसाल्ट हजारो-लाखो वर्षं पावसात झिजला की सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. त्यातून जांभा आणि बॉक्साईट तयार होतं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी भागात बॉक्साईट सापडतं. त्यातलं एक मुख्य खनिज म्हणजे गिब्साइट, अर्थात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. त्याचे कण थरांवर थर रचलेले असतात.

२) पुरणपोळीसारखी रचना
याच कुळातलं हायड्रोटॅल्साइट बघा. यात मॅग्नेशियम-हायड्रॉक्साइडचे थर असतात. दर चार मॅग्नेशियमपैकी एकाच्या जागी ॲल्युमिनियम बसतं. ॲल्युमिनियमवर एक धनभार जास्त असल्यामुळे थर धनभारित होतो. तो भार सांभाळायला दोन थरांच्या मधे ऋणभारित कार्बोनेट आणि पाणी बसतं. म्हणजे पारी हायड्रॉक्साइडची आणि पुरण कार्बोनेट-पाण्याचं!

३) तापवलं की
- सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत थरांमधलं पाणी जातं. थर मात्र टिकतात.
- पुढे साधारण ५०० अंशांपर्यंत हायड्रॉक्साइड पाणी सोडतं, कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि थर मोडतात.
- १०० ग्रॅममधून शेवटी सुमारे ५७ ग्रॅम ऑक्साइड उरतं.

गंमत पुढे आहे. ही उरलेली पूड कार्बोनेट असलेल्या पाण्यात टाकली, तर थर पुन्हा तयार होतात. जणू खनिजाला आपलं जुनं रूप आठवतं! पण फार जास्त तापवलं तर ही आठवण पुसली जाते.

४) याचा उपयोग काय?
ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड काही वायरींच्या आवरणात मिसळतात. आग लागली तर ते उष्णता शोषून घेतं, पाण्याची वाफ सोडतं आणि आग पसरायला वेळ लागतो. तो वेळ माणसाचा जीव वाचवू शकतो. ॲसिडिटीच्या औषधांतही हीच मंडळी असतात, कारण ती आम्ल शांत करतात.

५) वर्गातला उपक्रम
पाटीवर तीन चिंचोके आणि एक हरभरा अशा ओळी मांडा. वर कागदाचे बोळे ठेवा, म्हणजे कार्बोनेट-पाणी. त्यावर दुसरी पाटी. आधी थोडे बोळे काढा, मग सगळे. "आता काय उरलं? वजन का कमी झालं?" हे मुलांनाच सांगू द्या.

पालकांना एक विनंती : औषधाच्या गोळ्या घेऊन घरी तापवण्याचा प्रयोग करू नका. चिंचोके पुरेसे आहेत.

"तापवलं की वस्तू वितळते" एवढंच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. काही वस्तू न वितळता आपली रचनाच बदलतात, हे त्यांना कळलं की पाठ सार्थकी लागला.