कॉम्प्युटरचा पार्ट घेताय? आधी परतीचा खर्च काढा

धाराशिव, तुळजापूर, कळंब किंवा उमरग्यात राहून स्वतःचा पीसी स्वतः जोडायचा असेल, तर भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : हा बिघडला तर कुठे न्यायचा? दुकानदार ज्या गावाचं नाव सांगेल, तिथवरचं जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडणारी एक दिवसाची मजुरी पार्टच्या किमतीत मिळवा. पाचशे रुपयांनी स्वस्त मिळणारी वस्तू खरंच स्वस्त आहे का, ते लगेच कळेल.

जिल्ह्यात कीबोर्ड, माउस, एसएसडी, साधी रॅम, यूपीएस हे सहज मिळतं. ठरावीक मॉडेलचा मदरबोर्ड, बरा पॉवर सप्लाय किंवा ग्राफिक्स कार्ड मागितलं की 'मागवून देतो' असं उत्तर येतं. म्हणजे माल सोलापूर, लातूर किंवा पुण्याहून येणार आणि बिघडला की त्याच वाटेनं परत जाणार. यात वाईट काही नाही. उलट स्थानिक दुकानदार दोन-चारशे रुपये जास्त घेऊन वॉरंटीची ने-आण स्वतः करत असेल, तर ते पैसे खुशाल द्या. फक्त 'वॉरंटीची जबाबदारी आमची' हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द दुसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षात राहत नाही.

स्वतः जायचं तर धाराशिवहून सोलापूर साधारण सत्तर किलोमीटर, लातूर पंच्याहत्तर-ऐंशी. एसटीचं साधं भाडं सोलापूरला एका बाजूनं सव्वाशेच्या आसपास. परंडेकरांना बार्शी जवळ पडते, कळंबकरांना लातूर. वॉरंटीला दोन खेपा धरा, एक द्यायला आणि एक आणायला. म्हणजे भाड्याचेच पाचशे गेले, चहा-जेवण वेगळं. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून निम्मं भाडं आहे. घरातलं कुणी तसंही सोलापूरला निघालं असेल, तर पार्ट, बिलाची प्रत आणि तुमच्या सहीचं दोन ओळींचं पत्र सोबत द्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर माल जमा होतो. ओटीपी मात्र तुमच्या मोबाइलवर येईल, तेव्हा त्या वेळात फोन हाताशी ठेवा.

पुणं अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याहून बरीच लांब. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनपासून चालत गाठता येतो. पूर्ण मशीन घ्यायचं असेल तर तिथला फेरा परवडतो. एकट्या रॅमसाठी जाऊ नका. रविवारी तर नकोच, बरीच दुकानं बंद असतात.

ऑनलाइन घेताना पिनकोड दोनदा तपासा. 413501 ला डिलिव्हरी मिळते म्हणून परत नेणारा माणूसही येईलच असं नाही, आणि लहान गावांच्या पिनकोडवर हा फरक हमखास सापडतो. रिटर्नचे नियम उघडून वाचा : बऱ्याच पार्टवर फक्त 'रिप्लेसमेंट' असते, तीही सात किंवा दहा दिवसांत, पैसे परत नाहीत. पत्त्याच्या फॉर्ममध्ये 'धाराशिव' सापडलं नाही तर 'उस्मानाबाद' शोधा. अजून बऱ्याच याद्यांत जुनंच नाव आहे. 'नो कॉस्ट ईएमआय' घेताना प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये वेगळा लागतो. जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत तो दिसत नाही.

आता बिल. सगळी गंमत इथेच आहे.

कॉम्प्युटरच्या पार्टवर जीएसटी 18 टक्के. दहा हजारांची वस्तू पक्क्या बिलानं 11,800 ला पडते. 'बिल नको असेल तर दहाला देतो' हे तुम्ही ऐकलं असेलच. पण दुकानदारानं स्वतः माल घेताना कर भरलेला असतो. मग पूर्ण अठराशे तो कुठून सोडणार? जो सोडतो, त्याच्याकडे माल कुठून आला याचा विचार करा. एस्टिमेट, कोटेशन, प्रोफॉर्मा, वहीतलं पान, यांतलं काहीही बिल नाही. पक्क्या बिलावर पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 नं सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर तो फुकटात तपासता येतो. त्याहून महत्त्वाचा सिरीयल नंबर. प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर हवा आणि तो खोक्यावरच्या व पार्टवरच्या नंबराशी जुळायला हवा. नुसतं '8 जीबी रॅम, 1 नग' असं लिहिलेलं बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात, तर हीच ती रॅम हे सिद्ध करत बसाल. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं. काउंटरवर उभे असतानाच फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करा.

कार्डावर दोन टक्के जादा मागितले तर यूपीआयनं द्या. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन लागत नाही, त्यामुळे तिथं जादा मागायला कारण उरत नाही. खोक्यावरच्या एमआरपीपेक्षा जास्त कुणालाच घेता येत नाही. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असायला हवा. ते स्टिकर नसेल तर वॉरंटी कुठल्या तरी दुसऱ्या देशातली असण्याची शक्यता धरा. दुबईहून भावानं आणलेल्या ग्राफिक्स कार्डाचंही तेच : बहुतेक कंपन्यांची वॉरंटी त्या त्या देशापुरती असते.

खोकं उघडताना मोबाइल सलग चालू ठेवा : बंद सील, सिरीयल नंबर, मग आतली वस्तू, मध्ये कुठेही कट नाही. मदरबोर्ड असेल तर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून टॉर्च तिरपी धरा आणि जवळून फोटो घ्या. शेकडो बारीक पिना एका ओळीत, एका कोनात चमकायला हव्यात. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. बोर्ड तिथेच परत करा. वॉरंटीच्या काउंटरवर मी हेच उलट्या बाजूनं पाहिलं आहे. पलीकडचा माणूस बिलाकडे बघण्याआधी भिंग डोळ्याला लावून सॉकेट बघतो, आणि पिन वाकलेली दिसली की 'ग्राहकाकडून झालेलं नुकसान' असा शेरा मारून बोर्ड सरकवतो. पुढे बोलणं नाही. ते झाकण फेकू नका. बोर्ड परत देताना ते लावलेलंच लागतं. खोकं आणि चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीही माळ्यावर ठेवून द्या.

वॉरंटी सगळ्याला सारखी नसते. मदरबोर्ड आणि खोकाबंद प्रोसेसर यांना साधारण तीन वर्षं. खोक्याशिवाय मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर हजार-दोन हजारांनी स्वस्त पडू शकतो, पण त्याची वॉरंटी कंपनी थेट देत नाही, विकणारा देतो. तो दुकानदार तीन वर्षं दुकानात असेल याची खात्री असेल तरच घ्या. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होण्याच्या तक्रारी आल्यावर कंपनीनं 2024 मध्ये ठरावीक मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्यातला असेल तर 'तीन वर्षं संपली' हे उत्तर मान्य करू नका. एसएसडीला वर्षं आणि लिहिलेल्या डेटाची मर्यादा अशी दुहेरी अट असते, जी आधी संपेल ती खरी. रॅमच्या 'लाइफटाइम' वॉरंटीतलं लाइफ तुमचं नसतं. किती वर्षं धरतात ते अटींत वाचा. दोन पट्ट्यांचा जोड घेतला असेल आणि एकच बिघडली, तरी दोन्ही जमा कराव्या लागतात, म्हणजे तेवढे दिवस मशीन बंद. सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर मूळ बिल आणि सिरीयल नंबरवर उरलेली वॉरंटी, दोन्ही बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'चेकिंग वॉरंटी' म्हणजे घरी पोचेपर्यंतची वॉरंटी.

पार्ट बिघडलाय असं वाटलं तर आधी खात्री करा. रॅमसाठी मेमटेस्ट, एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो, दोन्ही फुकट. एरर दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढून कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मिळाल्यावरच बसमध्ये बसा. सोबत बिलाची प्रत, ओळखपत्र आणि तक्रार क्रमांक. एसएसडी देण्याआधी डेटा काढून घ्या, बदलून मिळालेल्या ड्राइव्हमध्ये तुमचं काही नसेल. काउंटरवर जॉब शीट घेतल्याशिवाय हलू नका. त्यावर सिरीयल नंबर, तारीख आणि 'तुटफूट नाही' हे लिहून घ्या, म्हणजे परत येताना नवा ओरखडा तुमच्या माथी येणार नाही. दोन ते चार आठवडे धरून चला.

कुरिअरनं पाठवायचं तर जायचा खर्च बहुधा तुमचा. रॅम किंवा एसएसडीचं पाकीट शंभर-दीडशेत जातं. मॉनिटरला मात्र पॅकिंगसकट बरेच जास्त पडतात. म्हणून मॉनिटर घेताना घरी येऊन दुरुस्ती, म्हणजे ऑनसाइट सेवा, तुमच्या तालुक्यात आहे का ते कंपनीला फोन करून विचारा. दुकानदाराच्या 'हो हो, येतात की' वर जाऊ नका.

मॉडेल बंद झालं असेल तर काही ठिकाणी बदली वस्तूऐवजी घसारा कापून पैसे किंवा क्रेडिट नोट देऊ करतात. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. जुन्या बिलाचे पैसे, तेही कापून घेतले, तर तेवढ्यात तीच रॅम येणार नाही. बदली वस्तूच मागा, लेखी मागा.

एक खर्च कुणी सांगत नाही : अर्थिंग. जळलेला पार्ट वॉरंटीत बसत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर काम काढा. यूपीएस 600 व्हीएचा म्हणजे जेमतेम 360 वॅट. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला तो पुरणार नाही.

दुकानदार किंवा कंपनी हात वर करत असेल तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. ऑनलाइन खरेदी असेल तर आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा : 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. 'विकलेला माल परत घेणार नाही' ही बिलावरची ओळ सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं, आणि मुळात बिलच न देणं, या दोन्ही गोष्टी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत.

त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवलाच तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. बिल, खोक्याचा व्हिडिओ, जॉब शीट, मेल आणि प्रतिज्ञापत्र जोडा. दुकान आणि कंपनी किंवा आयातदार, दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतील. दोष प्रयोगशाळेत तपासायचा ठरला तर तपासणीची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा. आणि फर्मच्या जीएसटी क्रमांकावर खरेदी केली असेल तर 'व्यापारी हेतू' हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी मशीन घेतलं असल्यास कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो, पण ते तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.